वायाळ मॅडमची समीकरणं

वायाळ मॅडम विज्ञानाच्या तासाला आल्या की आधी आमचे खिसे तपासत. दाणे आणले नसतील तर बाकावर बसू देत नसत. आमच्या उंद्रीच्या शाळेत मूग-सोयाबीनवर रासायनिक समीकरणं संतुलित करायला शिकवणारी ही बाई चिखलीहून जीपने यायची. नोकरी तासिका तत्त्वावरची; आज आहे, उद्या ठेवतीलच असं नाही. पण रुबाब असा, की मुख्याध्यापकच हिच्या हाताखाली असावेत.

मूग म्हणजे हायड्रोजन, सोयाबीन म्हणजे ऑक्सिजन. कणकेने चिकटवून रेणू करायचे आणि बाणाच्या दोन्हीकडे दाणे सारखे भरले पाहिजेत. पाणी करताना माझं एक सोयाबीन उरलं. मी ते गुपचूप पाण्याच्याच रेणूला चिकटवलं. H₂O चं H₂O₂ झालं, दाणे जुळले, आणि मी ऐटीत वर पाहिलं.

मॅडमनी तो गोळा उचलला. "हे पाणी राह्यलं काय बे? हे पेशील त घसा जळीन. खालच्या आकड्याले हात नाही लावाचा. कमी पडलं त अख्खा रेणू आणाचा."

मग मी पाण्याचा दुसरा रेणू मांडला, त्यासाठी हायड्रोजनची आणखी एक जोडी आणली, तेव्हा कुठे दोन्ही बाजू खऱ्या अर्थाने सारख्या झाल्या.

मुख्याध्यापकांना हा पसारा खपत नव्हता. दहावीची परीक्षा तोंडावर आली तेव्हा ते भर वर्गात येऊन म्हणाले, की हा खेळ बंद. गाइडमधली समीकरणं पाठ करून घ्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. फळ्यावर ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचं समीकरण अर्धवट होतं.

"उत्तर मी सांगत नाही सर," मॅडम म्हणाल्या. "पोरं काढतीन. तुम्हाले घाई असन त तुम्ही सांगा."

खडू टेबलावर ठेवून त्या गेल्या आणि पुन्हा कधीच शाळेत आल्या नाहीत. मला त्याचा अजूनही राग येतो.

मुख्याध्यापकांनी गाइड उघडून आकडे फळ्यावर लिहिले आणि उतरवून घ्या म्हणाले. कोणीही पेन उचललं नाही. मागच्या बाकावर कुणीतरी ॲल्युमिनियमसाठी हरभरे मांडायला लागलं, मग सगळ्यांनीच खिसे रिकामे केले. काय चाललंय, असं ते ओरडले. मी उभा राहिलो.

"सर, ते पुसा. आमचं मोजणं व्हाचं हाय."