अर्धं पान आणि उघडी तोटी

परतूरला आमच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. कधी, किती वाजता, कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून सगळे तोटी उघडीच ठेवतात. आधी हवेचा फुसफुस आवाज येतो, मग पाणी. तो आवाज ऐकायला घरात एक माणूस लागतं. अकरा वर्षं झाली, ते माणूस मी आहे. सासूबाईंना गुडघ्यांमुळे हंडे उचलवत नाहीत, नवरा सकाळीच कापसाच्या जिनिंगवर कामाला जातो. माहेरी एक मुक्काम करायचा तरी आधी पाणी येऊन जावं लागतं. या नळाचा मला मनापासून राग येतो.

लग्नात माझी बारावी राहून गेली होती. शाळेत न जाता परीक्षा देता येते असं कळलं, तेव्हा सतरा नंबरचा फॉर्म भरला. रोज दोन तास अभ्यासाची शपथ घ्यायची, मोडायची आणि स्वतःलाच शिव्या घालायच्या, असे दोन महिने गेले. एकदा वैतागून ठरवलं, रोज अर्धं पान. राहिलं तर राहिलं, ते उद्याच्या बोकांडी बसवायचं नाही. नळाशेजारी पाट टाकून वाचायला लागले. अर्ध्या पानाला कुणी हरकत घेतली नाही, कारण ते कुणाला दिसलंच नाही.

थंडीत एका दुपारी दहा मिनिटं ऊन खावं म्हणून पुस्तक घेऊन गच्चीवर गेले. सासूबाई झोपल्या होत्या. वाचता वाचता अर्ध्याची तीन पानं झाली. खाली आले तर पाणी नालीतून पार कोपऱ्यापर्यंत गेलेलं आणि नळाची धार करंगळीएवढी उरलेली. एक बादली मिळाली.

"सगळं पाणी नालीत गेलं! आता आठ दिवस काय प्यावं माणसांनी, तुझं पुस्तक?" सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आजपासून पुस्तकं बंद. बिलकुल बंद."

चूक माझीच होती. हातपंपावरून हंडे वाहत राहिले आणि दर खेपेला स्वतःला कोसत राहिले. तिसऱ्या दिवशी खांदा सुजला. दुसऱ्या कुणा बाईला म्हणाले असते, तेच मग स्वतःला म्हणाले, बाई, चुकलं, पाणीच गेलंय, बस कर आता. त्या दिवशी पिठाच्या डब्याआड चार ओळी वाचल्या. अर्धं पानही नाही, पण वाचल्या.

असं चोरून वाचता वाचता परीक्षा आली. पहिल्या पेपरच्या दिवशी नवरा कामावर गेला होता आणि पाणी येऊन दहा दिवस झाले होते. सासूबाई दारात उभ्या.

"अन् आज नळ आला मंग?"

"होईल तेवढं भरा. न्हाई झालं तर न्हाई." असं म्हणून मी परीक्षेला निघाले.

येत होतं तेवढं दोन तासांत लिहून झालं. पास होईन की नाही, देव जाणे. वर्गावरच्या बाई जवळ आल्या. "झालं असेल तर द्या पेपर, जा घरी."

मी घड्याळ पाहिलं. तासभर बाकी होता. घरी कदाचित याच घटकेला पाणी आलं असेल. पण अकरा वर्षांत असा एक तास मिळाला नव्हता, ज्यात मला कुणी हाक मारू शकत नव्हतं.

"अजून लिहायचंय," असं म्हणाले आणि घंटा होईपर्यंत हातात पेन धरून नुसती बसून राहिले.