भरावावरचे गाणे

गिटारच्या खुंट्या पिळण्यापूर्वीच आमच्या बँडचा हा गायक तोंड उघडत असे. "सूर मागून बघू," म्हणायचा, "आधी सांगून टाकू."

एवढ्यावरून हल्लीच्या जाणकारांनी ठरवून टाकले आहे की त्याला सुराचे ज्ञान नव्हते. वाचकहो, वसईच्या लग्नांत त्याच्या शेजारी बसून मी ड्रम वाजवला आहे. हे जाणकार तेव्हा जन्मलेही नव्हते. हाच माणूस रविवारी मिस्सेला इतका नितळ गात असे की फादर प्रवचन आखडते घेत. मांडवात मात्र तो ओरडे, आणि ते ओरडणे त्याने निवडलेले होते. "गोड गायलं की लोक जेवत राहतात," असे त्याचे म्हणणे.

दुसरी थाप दारूची. ज्या लग्नाची कथा सगळे चवीने सांगतात, त्या लग्नात तो म्हणे प्यायलेला होता. साफ खोटे. माझ्याच कपातला अर्धा चहा तेवढा त्याच्या पोटात होता. वरबाप म्हणजे त्याचा सख्खा मामा. वाडीतले बावखल, पिढ्यान्‌पिढ्या केळीला आणि माणसांना पाणी पुरवणारे तळे, या मामाने बिल्डरसाठी मातीने बुजवले होते आणि मांडव नेमका त्याच भरावावर घातला होता. नवरा-नवरी नाचायला उभी राहिली आणि याने गिटारवर दणादण हात मारीत सुरुवात केली: "मामा, पानी कुठं ठेवलं?"

मामा जवळ येऊन हळूच म्हणाला, "आज नको रे. उद्या घरी येऊन भांड."

"उद्या बँड नसेल, मामा."

त्यानंतर त्याला एकाही मांडवाचे बोलावणे आले नाही. मरेपर्यंत नाही.

आता तो सर्वांचा झाला आहे. त्या लग्नात कुणीतरी भरून ठेवलेल्या कॅसेटवरून मुले गाणे उचलतात, बँड काढतात. बोळिंजच्या एका गृहसंकुलाच्या वर्धापनदिनी तर त्याच चालीवर हिरव्यागार वसईचे गोडवे गायले गेले. मी खुर्चीतून उठून हरकत घेतली. निवेदक म्हणाला, "आजोबा, फील तोच आहे ना." मी म्हणालो, "त्या गाण्यात एक प्रश्न होता. तो कुठे आहे?" लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला शाल दिली.

गेल्या महिन्यात फुलपाड्याची एक मुलगी गिटार घेऊन घरी आली. तिने मूळ गाणे म्हटले, अक्षर न गाळता. मी सुखावलो. तेवढ्यात तिने स्वतःचे कडवे जोडले: टँकर, हंडे, सोसायटीचा सेक्रेटरी, अर्धे हिंदी.

मी तिला थांबवले. "हे त्याचे नाही."

"माझं आहे, काका. तुमच्या नळाला रोज पाणी येतं?"

"येते."

"मग तुम्ही गप्प बसा ना जरा."

त्याच्यामागे मला असे तोंडावर सांगणारे कोणी उरले नव्हते. मी गप्प बसलो. तिने कडवे पहिल्यापासून घेतले.