नॉर्मन ऑल्डरॉयडच्या घरची ऊब

घर गरम होत नसेल तर कुणाला विचारू नये, हे उत्तर इंग्लंडातल्या टॉडमॉर्डन गावात सगळ्यांना माहीत होतं. पण नॉर्मन ऑल्डरॉयड न विचारताच सांगायला यायचा, त्याला कोण काय करणार? उभा जन्म त्याने बस चालवण्यात घालवला. बसमध्ये त्याच्या मागे बसलेले कुडकुडायचे आणि घरी त्याच्यासमोर बसलेले. घरातल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या पत्र्यांमध्ये, अडकलेली हवा सोडायची पितळी चावी त्याच्या खिशात कायम असे, लग्नकार्यालाही. अशाच एका लग्नात यजमानांच्या रेडिएटरचा आवाज त्याला बरा वाटला नाही. त्याने चावी फिरवली आणि काळ्या पाण्याची चिळकांडी नवरीच्या मावशीच्या फिकट झग्यावर उडाली.

"हवा होती," एवढंच तो म्हणाला. माफीबिफी मागायची त्याला कधी गरज वाटली नाही.

त्याच्या घरात नोव्हेंबर लागल्याशिवाय हीटिंग सुरू होत नसे. ऑक्टोबरात बोलताना तोंडातून वाफ निघाली तरी उत्तर ठरलेलं, "स्वेटर घाल." शेजारची विनी म्हणायची, "जिलियनने लग्न ठरवताना मुलगा नंतर पाहिला. आधी त्याच्या घरातल्या रेडिएटरला हात लावून पाहिला." जिलियन म्हणजे नॉर्मनची एकुलती एक मुलगी. ती लीड्सला गेली आणि तिथे ती घरात बिनबाह्यांचे कपडे घालून फिरते, हे नॉर्मन आजही खालच्या आवाजात सांगतो.

घरातली खरी सत्ता म्हणजे थर्मोस्टॅटची डबी. आजूबाजूला किती ऊब आहे ते ही डबी बघते आणि त्याप्रमाणे रेडिएटरांचं पाणी तापवणाऱ्या बॉयलरला पेट म्हणते किंवा विझ म्हणते. पूर्वी ती जिन्याखालच्या भिंतीवर होती. नॉर्मनची बायको डोरीन येता-जाता तिला कोपराने वर सरकवायची, नॉर्मन मागून येऊन खाली सरकवायचा. सगळा संसार असाच झाला. गेल्या वर्षी जिलियनने नवी डबी आणून दिली. तिला तार नाही, हवी तिथे उचलून ठेवता येते. नॉर्मनने बराच विचार करून ती स्वयंपाकघरात आपल्या खुर्चीसमोरच्या फळीवर ठेवली, किटलीच्या बरोबर वर. "इथे माझी नजर राहील," तो म्हणाला.

जानेवारीत डोरीनच्या छातीत कफ भरला. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरांनी एकच बजावलं, खोली गरम ठेवा. नेमका तोच मुहूर्त साधून घर गार पडायला लागलं. बॉयलर पेटायचा, थोडा वेळ घुमायचा आणि गप्प व्हायचा.

जिलियनचा फोन आला. "बाबा, मी रविवारी येतेय. घर गरम नसलं तर आईला घेऊन जाणार. उन्हाळा आल्याशिवाय परत पाठवणार नाही."

"कुठला उन्हाळा?" नॉर्मन म्हणाला. टॉडमॉर्डनचा उन्हाळा त्याला चांगला ठाऊक होता. फोन ठेवल्यावर मात्र तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. डोरीनशिवाय हे घर कसं असतं, हे त्याला माहीत नव्हतं आणि माहीत करूनही घ्यायचं नव्हतं.

मग सुरू झाले उपचार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. त्याने सगळ्या रेडिएटरांची हवा सोडली, नसलेलीसुद्धा. बॉयलरमधला पाण्याचा दाब वाढवला, मग जास्त झाला म्हणून उतरवला. बॉयलरचं पाणी बाहेर टाकणारी मागच्या भिंतीवरची नळी गोठली असणार, असं ठरवून तिच्यावर बादलीभर ऊन पाणी ओतलं. नळी ठणठणीत होती. ओतलेल्या पाण्याचा मात्र बर्फ झाला आणि त्यावरून पोस्टमन आडवा झाला.

"माणूस बोलाव की एखादा," डोरीन वरून म्हणाली.

"परक्या माणसाला आपला बॉयलर दाखवायचा?" नॉर्मनने असं विचारलं, की जणू तिने त्याला भर चौकात कपडे उतरवायला सांगितलं होतं.

घरात आजारी माणूस म्हटल्यावर गल्लीतले लोक समाचाराला येणारच. आणि आलेल्याचा कोट उतरायच्या आत किटली लागली नाही, तर ते घर कसलं? विनी यायची, चर्चचे पाद्री यायचे, नॉर्मनचे जुने बसवाले दोस्त यायचे. घर गार, म्हणून प्रत्येकजण दुसरा कप घ्यायचा. जितकं गार, तितका चहा.

शनिवारी सकाळी डोरीनने त्याला वर बोलावलं. "नॉर्मन, तू किटली लावलीस की माझा रेडिएटर गार पडतो."

"बॉयलर काय चहा पितो?"

"ते तू सांग, त्याचा डॉक्टर तू. मी नुसती पडून ऐकतेय. विनी आली, गार. पाद्री आले, गार. काल दुपारी कुणी फिरकलं नाही, तर मला गोधडी लाथाडावी लागली."

"योगायोग."

"असेल. मग उद्या जिलियन येईपर्यंत चहा करू नकोस."

नॉर्मनचा चेहरा पडला. "आणि कुणी आलं तर?"

"आलं तर येऊ दे."

रविवारी सकाळी विनी केक घेऊन आली. कोट काढून बसली, किटलीकडे बघितलं, नॉर्मनकडे बघितलं. नॉर्मन नखं बघत होता.

"पाणी गेलंय का रे?"

"नाही."

"वीज?"

"आहे."

"मग माझं काही चुकलं का?"

"नाही गं बाई!"

विनीने कोट घातला, केकही परत उचलला. चर्च सुटेपर्यंत गल्लीभर झालं, नॉर्मनला भ्रम झालाय आणि डोरीनचं काही खरं नाही.

घर मात्र तापत गेलं. नॉर्मनने वर जाऊन रेडिएटरवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. मग तो खाली आला आणि त्याने मुद्दाम किटली लावली. वाफ सरळ फळीवर गेली, डबीवरचा आकडा भराभरा चढला आणि बॉयलर विझला. ज्या डबीवर तो डोळ्यांत तेल घालून पहारा देत होता, तिलाच तो इतके दिवस वाफारा देत होता. त्याने डबी उचलून जिन्याखाली नेली आणि आसपास कुणी नाही ना, ते बघितलं.

जिलियन आली तेव्हा घर पुन्हा छान उबदार होतं. "अरे वा! शेवटी माणूस बोलावलात वाटतं, बाबा?"

"काही गरज नव्हती."

"मग काय झालं होतं?"

"हवा," नॉर्मन म्हणाला.

वरून डोरीनचा हसण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खोकल्याची उबळ. दोघं धावत वर गेली. डोरीनने डोळे पुसले. "जिलियन, माझी बॅग काढ."

"अगं, पण घर तर गरम आहे."

"आज आहे. उद्या हा नवीन हवा शोधून काढेल." मग ती नॉर्मनकडे वळली. "ती डबी माझ्या उशाशी राहणार असेल तर मी राहते. नाहीतर चालले लेकीकडे."

जिलियनने कपाटावरची बॅग खाली घेतली. नॉर्मन दारात उभा होता. जन्मभर डबीवरचा शेवटचा हात त्याचाच होता. तो खाली गेला, बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा डबी त्याच्या हातात होती. अंडं धरावं तशी त्याने ती धरली होती.

"अठरा अंशांच्या वर नको," असं म्हणत त्याने ती डोरीनच्या उशाशी ठेवली.

डोरीनने त्याच्या डोळ्यांत बघत ती बावीसवर नेली. खाली बॉयलर पेटल्याचा आवाज आला. नॉर्मनने अंगातला स्वेटर काढला. जिलियनने रिकामी बॅग पुन्हा कपाटावर ठेवून दिली.