वजनकाट्याचं काही कळत नाही

आमच्या बॅचमधल्या पोरांची वजनं कमी होतात की नाही ते देव जाणे, किस्से मात्र दर आठवड्याला किलोकिलोनं वाढतात. सगळे सांगत बसलो तर तुमचा चहा गार होईल, म्हणून थोडेच सांगतो.

मी महाडला शाळेत पीटी शिकवतो. गावातल्या मुलांच्या डॉक्टरांनी एकदा सहा गुबगुबीत पोरं माझ्या गळ्यात मारली. "सर, शाळेआधी तासभर यांना दमवा. वजनाकडे बघू नका."

जाड पोरांच्या वजनाकडे बघायचं नाही, मग बघायचं कशाकडे? मी तिथेच गोंधळलो, तो आजतागायत.

त्यातली अल्फिया अकरा वर्षांची. तिची साखर डायबेटिसच्या उंबऱ्यावर आलेली. तीन महिने व्यायाम, मग परत रक्त तपासायचं. साखर उतरली नाही तर गोळ्या. तिची अम्मी मला म्हणाली, "सर, अकराव्या वर्षी गोळ्या लागल्या तर पोरीचं कसं व्हायचं?"

* * *

पहिल्या दिवशी अल्फिया अम्मीबरोबर रिक्षातून उतरली. घर मैदानापासून पाच मिनिटांवर! मी म्हटलं, "भाभी, चालत आणायची ना."

"चालूनच दमली तर व्यायाम कशी करंल?"

मी पीटीची पदवी घेतलीय, पण हा प्रश्न आमच्या सिलॅबसमध्ये नव्हता.

* * *

अल्फियाच्या मानेवर मागे काळा पट्टा होता. मी शहाण्यासारखा सगळ्यांदेखत बोललो, "मान नीट घासून अंघोळ करत जा." दुसऱ्या दिवशी मान लालबुंद. अम्मी कितीतरी दिवस बेसन-लिंबू चोळतच होती, त्या दिवशी तिने घासणीच घेतली.

डॉक्टर म्हणाले, "अहो, तो मळ नाही. अंगात इन्सुलिन नीट काम करत नाही, त्याची खूण आहे ती."

मी अल्फियाची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या सर, सगळेच बोलतात." मला फार लाज वाटली.

* * *

बॅचमधल्या सोहमचे आजोबा जवळच्या कापडे गावचे. एकदा मैदानावर आले आणि पोरांच्या फेऱ्या बघत उभे राहिले.

"मास्तर, ही पोरं चालली कुठं?"

"कुठं नाही आजोबा. गोल फिरतायत."

"मंग पळवता कशाला उगाच? तिकडं माझी लावणी पडून हाय."

रविवारी सगळ्यांना कापड्याला नेलं. पोरांनी चार तास चिखलात वाकून भाताची रोपं लावली. आजोबांनी खूश होऊन तांदळाच्या भाकऱ्या आणि कोंबडीचं कालवण वाढलं. सोमवारी सहाही पोरं काट्यावर वर गेलेली! मी डॉक्टरांना फोन केला, "हा व्यायाम धरायचा की नाही?"

"पोरं दमली का?"

"पोरं मजेत आहेत. मी अजून वाकलेलाच आहे."

"मग धरा," म्हणाले आणि फोन ठेवला. कोणाचा धरायचा, ते सांगितलंच नाही.

* * *

अल्फियाचे पप्पा कुवेतला ड्रायव्हर. दोन महिन्यांनी त्यांनी व्हिडिओ कॉलवर लेकीला बघितलं आणि भाभींवर उखडले. "पोरीचं तोंड उतरलंय. जेवाया देत नाय काय?" लगेच गावी येणाऱ्या माणसाबरोबर खजूर आणि चॉकलेटं पाठवली.

इकडे माझ्या काट्यावर पोरगी दीड किलोनं वाढलेली! म्हणजे कुवेतवरून बारीक दिसते आणि महाडात जाड होते. खरं कोणाचं धरायचं? मी घाबरून तिला डबा अर्धा करायला सांगितला, तर डॉक्टरांनी मलाच झापलं. "वाढतं वय आहे. उपाशी ठेवू नका, पळवा फक्त."

* * *

तीन महिने भरले. रिपोर्टच्या दिवशी सकाळी मी अल्फियाचं वजन घेतलं, दोन किलो जास्त. आपण हरलो असं धरूनच दवाखान्यात गेलो. भाभींचा चेहरा पांढराफटक पडला होता.

डॉक्टरांनी कागद वाचला. "साखर उतरलीय. गोळ्या नकोत."

"पण डॉक्टरसाहेब, वजन?"

"उंची वाढतेय, अंगात ताकद भरतेय, वजनही वाढेल. रक्त सुधारलं ना?"

भाभी रडायलाच लागल्या. मला हसावं की काय करावं कळेना.

बाहेर बाकड्यावर बसून त्यांनी कुवेतला फोन लावला, स्पीकरवर. "अवो, गोळ्या नाय लागणार तिला."

पप्पा हळूच म्हणाले, "बरं झालं. मी चार वर्षं घेतोय. तिला नको."

"काय घेताय?"

"साखरेच्या गोळ्या. तुला बोललो नाय."

अल्फियानं भाभींच्या हातातून फोन घेतला.

"पप्पा, आता कुठं हाय तुमी?"

"गाडीत बसलोय. शेठ मॉलमध्ये गेलाय."

"उतरा खाली," ती म्हणाली. "फोन चालू ठेवा आणि चालायला लागा. मी सांगेन तेव्हाच थांबायचं."

पलीकडून गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.