दार काढलेलं हेलिकॉप्टर

मारामारीच्या सिनेमांसाठी हेलिकॉप्टर तयार करून देणं हे माझं काम. कॅमेऱ्याच्या बाजूचं दार काढायचं, आत बसणाऱ्यांना पट्ट्यांनी बांधायचं आणि त्यांच्या अंगावरचं सुटं असेल ते सगळं काढून घ्यायचं. उघड्या दारातून साधा रुमाल उडाला आणि शेपटीच्या पंख्यात गेला, तरी खेळ खलास. म्हणून शूटिंगचा नारळ फुटला की सगळे खोबऱ्याला हात घालतात आणि मी करवंट्या नि झेंडूच्या पाकळ्या वेचत फिरतो. युनिटमध्ये मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

यंदा शूटिंग आमच्याच जिल्ह्यात होतं, श्रीगोंद्याकडे, ऊस तोडून नेलेल्या एका रानात. पाचट गोळा केलं, धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलं. आणि कॅमेऱ्यामागे बसणार होती माझी मुलगी. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली लेन्स पुसल्यावर तिला पहिल्यांदाच हवेतलं काम मिळालं होतं. तिचा आनंद त्या उघड्या रानातही मावत नव्हता. मी मात्र सकाळपासून तिचेच पट्टे पुन्हा पुन्हा ओढून बघत होतो.

उड्डाणाची तालीम आम्ही आधी जमिनीवर चालून करतो. पुढे पायलट, त्याच्यामागे हातात नसलेला कॅमेरा धरून मुलगी, आणि ज्या जीपचा पाठलाग करायचा ती जीप म्हणजे मी. बांधावर बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"आगं, ही मोठी मानसं गाडी-गाडी खेळत्यात का काय?" एकजण म्हणाली.

मलाही हसू आलं. तेवढा वेळ बरा गेला.

मग तिला बांधायला घेतलं. लहानपणी फ्रॉक घालताना करायची तसे तिनं दोन्ही हात वर केले. पट्टे आवळले, हूक ओढून पाहिले. तेवढ्यात तिच्या गळ्यातली बारीक साखळी दिसली. चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीच्या दिवशी तिच्या आईनं घातलेला क्रूस. त्या दिवसापासून तो कधी उतरला नव्हता.

"पप्पा, राहू द्या ना. आत खुपसते."

"काढ," मी म्हणालो. नियम माझाच होता. मला त्या नियमाचा आणि माझा, दोघांचा राग आला.

मी डोक्यावर हात आडवे धरले तर पायलट उडत नाही. का, म्हणून विचारतही नाही. एवढा अधिकार मला आहे. पण हात धरायला खरं कारण लागतं, आणि भीती हे कारण नव्हे, हे सगळ्यांना मीच शिकवलंय. मी हात खाली ठेवून उभा राहिलो. हेलिकॉप्टर उठलं, कलंडलं, आणि उघड्या दारातून बाहेर लोंबणारे तिचे पाय मला दिसले. मग हेलिकॉप्टर शेजारच्या रानातल्या उभ्या उसापलीकडे गेलं.

शेवगावहून बायकोचा फोन आला.

"पोरगी गेली का वर?"

"गेली."

"क्रूस हाय ना गळ्यात?"

साखळी माझ्या मुठीत होती. "हाय," मी म्हणालो.

"मंग काई न्हाई व्हायचं. मी हितं प्रार्थनेलाच बसलीय."

मलाही प्रार्थना करायची होती. शब्दच सुचेनात.

हेलिकॉप्टर सुखरूप उतरलं. मुलगी धावत आली, माझ्या हातातून साखळी घेऊन गळ्यात घातली आणि काय काय दिसलं ते एका दमात सांगू लागली. तिकडे दिग्दर्शकानं पडद्यावर शॉट पाहिला.

"झकास! पण जीपच्या अजून जवळ पाहिजे. परत एकदा जाऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी मला सांगावं लागलं नाही. तिनं साखळी आपणहून काढून माझ्या हातावर ठेवली आणि हात वर केले. मी एकेक पट्टा ओढला, प्रत्येक हूक पुन्हा पुन्हा तपासला. सगळं चोख होतं. तिला थांबवायला मला काहीच सापडलं नाही.