फेस येत नव्हता म्हणून

आई अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही कामं वाटून घेतली. भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं बायकोकडे, चादरी माझ्याकडे. जर्मनीत राहणारी माझी बहीण सुट्टीत आली, आईच्या खोलीच्या दारातच थबकली आणि हळूच म्हणाली, "दादा, वास येतोय रे." मला ते फार लागलं. परत गेल्यावर तिने ओळखीच्या कुणाबरोबर तरी कपडे धुण्याच्या लिक्विडच्या दोन मोठ्या बाटल्या पाठवल्या.

बाटलीवरचं नाव ओळखीचंच होतं. त्याच नावाची पावडर आम्ही इथल्या टावर चौकातून वर्षानुवर्षं आणत आलोय. बाकीचा मजकूर जर्मन. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला बाटली दाखवायचो आणि सांगायचो, अस्सल माल हे कंपनीवाले तिकडे विकतात, आपल्याला भुसा देतात. इथली पावडर इथल्या पाण्यासाठी आणि बादलीसाठी केलेली असेल, तिथलं लिक्विड तिथल्या पाण्यासाठी, हा विचार मला शिवलाही नाही.

नानाखेड्याच्या पुढे आमची कॉलनी आहे. बोरिंगचं पाणी खारं. मशीन फिरू लागलं तरी वर काहीच दिसेना. बायको म्हणाली, "याला तर झागच नाही हो." फेसाशिवाय चादर धुतली गेली हे मलाही पटेना. बहिणीला एक फोन केला असता तर उलगडा झाला असता. पण साधी चादर धुता येत नाही हे तिला कोण सांगणार? मी आणखी ओतलं. पुढे झाकणाने मोजणंही सोडलं. खोलीला सुगंध येऊ लागला आणि मी खूष होतो.

मग आईची पाठ लाल झाली. कातडी सुटू लागली. डॉक्टर म्हणाले, एकाच कुशीवर राहिल्याने होतं, ओलाव्यानेही होतं. त्यांच्या देखतच मी बायकोला म्हणालो, "तू तिला नीट वळवत नाहीस." तेव्हापासून ती गजर लावून घड्याळ उशाशी घेऊन झोपू लागली. आणि मी चादर रोज बदलू लागलो, रोज धुऊ लागलो. जखम वाढली की मी लिक्विड वाढवत होतो.

परवा बोरिंगची मोटर जळाली. धुऊन वाळलेल्या चादरीवर माझ्याच हातून चहा सांडला होता. सरकारी नळाला पिण्याचं पाणी आलं होतं, म्हणून मी ती त्या गोड्या पाण्यात नुसती बुडवली. साबणाचा थेंब न घालता बादली फेसाने भरली. पाणी ओतून पुन्हा भरलं. पुन्हा फेस. दुसरी धुतलेली चादर आणली, तिचंही तेच. म्हणजे इतके दिवस मी आईला या न निघालेल्या साबणावर झोपवत होतो.

बायकोला बोलावलं. तिने बादलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "आईंना आधी त्या चादरीवरून उचला," म्हणाली. आम्ही आईला जुन्या धोतरावर निजवलं. बायकोची माफी मी अजून मागितलेली नाही.

काल बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. आजवर मी फोन आईच्या चेहऱ्यापुरताच धरायचो. काल पाठीकडे धरला.

"किती घालत होतास, दादा?"

"फेस येईपर्यंत."

"मी अर्धं झाकण घालते रे. मशीन भरून कपड्यांना." आणि ती रडायला लागली. सांगायला हवं होतं, मीच सांगायला हवं होतं, असं म्हणत राहिली. चूक तिची नव्हती, आणि तेही मला पटकन म्हणता आलं नाही.

आईने मान वळवायचा प्रयत्न केला. "काय झालं तिला?"

"सर्दी झालीय," मी म्हणालो.

"थंडी असेल तिकडे," आई म्हणाली आणि कुशीवर वळवण्यासाठी माझ्यापुढे हात केला. मी तो धरला. पण तिला कुठे हात लावून वळवावं तेच मला कळेना. बायको आली, मला बाजूला व्हायला सांगितलं आणि तिने आईला वळवलं.

डॉक्टर आता नुसतं 'बघू' म्हणतात.