खरखरीच्या बाजूने

सीडीचा आवाज हा ग्राहकावरचा उघड अन्याय आहे, असं पत्रक मी छापलं तेव्हा मी सीडी ऐकलेली नव्हती. (ऐकून मत बनवायला लागलो तर पत्रकं निघायची कधी?)

नव्वदीतली गोष्ट. माझ्या अक्काचे यजमान, म्हणजे दाजी, अक्काला घेऊन धुळ्याहून जळगावला आले ते नवाकोरा सीडी प्लेअर काखोटीला मारूनच. हा तुम्हाला ठेवा, म्हणाले, आणि आबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर मी घेऊन जातो, धुळ्यात गिऱ्हाईक आहे. आबा म्हणजे आमचे वडील. जावयाला नाही कसं म्हणणार? मलमलच्या फडक्याने तबकड्या पुसत राहिले, नेहमीपेक्षा जरा हळू.

मला ते बघवेना. मी दाजींना जाहीर आव्हान दिलं: माझे डोळे बांधा, एकच भावगीत दोन्हींवर लावा. तबकडी कुठली ते ओळखलं, तर आबांचा प्लेअर इथून हलणार नाही. दाजींनी लगेच माझ्या डोळ्यांवर टॉवेल आवळला. (गरजेपेक्षा जास्त उत्साहाने.)

पहिलं गाणं अगदी गुळगुळीत वाजलं. मी निकाल दिला, ही सीडी. यात जीव नाही, हा कारखान्यात धुऊन काढलेला गळा आहे. आबा खाकरले. मला वाटलं, दाद देताहेत.

दुसऱ्या वेळी गाण्यामागे झकास तडतड सुरू झाली. (हिंगाचा वासही आला, पण तत्त्वाच्या लढाईत वासाकडे कोण बघतं!) मी उभाच राहिलो. ऐका दाजी, म्हटलं, ही सुई तबकडीशी बोलतेय, हा जिवंत आवाज आहे, कुठल्याही कंपनीच्या बापाला...

"भाऊ," स्वयंपाकघराच्या पडद्यामागून आई म्हणाली, "ती मन्ही फोडणी शे."

मी टॉवेल काढला. सीडी फिरत होती. सुई केव्हाच उचलून ठेवलेली. दाजींनी शांतपणे रेकॉर्ड प्लेअरची वायर गुंडाळायला घेतली.

"थांबा, जावईबापू," आबा म्हणाले. "आमच्या तबकडीला हा पोरगा सीडी समजला ना?"

"समजला की."

"मग तुमची सीडी वेगळं काय देणार? असू द्या आमचं जुनंच."

दाजींनी गुंडाळलेली वायर परत सोडली. माझ्याकडे यावरही उत्तर होतं, पण अक्काने वेळीच माझ्या तोंडात पोळीचा घास कोंबला.

माझ्या चळवळीने आजवर मिळवलेला हा एकमेव विजय. तोही मी चुकलो म्हणून!